पट दिला, टोपी काढली: सांघिक गोल्फमध्ये नवख्यांनी कसं वागावं

गोल्फ म्हणजे गप्प राहून बघायचा खेळ, असा समज घेऊन कुणी रायडर कपच्या (अमेरिका विरुद्ध युरोप, पुरुषांची सांघिक स्पर्धा) पहिल्या टीजवळ (होल सुरू करायची जागा) गेलं, तर तो समज पाच मिनिटांत गळून पडतो. तिथे स्टँड असतात, गाणी असतात, घोषणा असतात. 2012 मध्ये मेडिना इथे बब्बा वॉटसननं तर चेंडू मारतानाही ओरडत राहा, असं प्रेक्षकांना खुणावलं आणि त्या गोंगाटातच ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) मारला. पुढे युरोपच्या इयान पोल्टरनंही तेच केलं. म्हणजे या खेळाला आवाजाचं वावडं नाही. भांडणं होतात ती वेगळ्याच गोष्टींवरून: कुणाचा फटका बाकी असताना कोण कुठे उभं होतं, कुणी काय बोललं, आणि कुणी काय बोलायचं टाळलं.

क्लबात पहिल्यांदाच दोन संघांच्या मॅचसाठी नाव दिलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. टीव्हीवर रायडर कप, सोलहाइम कप (महिलांचा अमेरिका-युरोप सामना) किंवा प्रेसिडेंट्स कप (अमेरिका विरुद्ध युरोपबाहेरचं जग) बघताना ‘आता हे का चिडले?’ असा प्रश्न पडणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

आधी हिशोब

रोजच्या गोल्फमध्ये अठरा होलांचे (होल म्हणजे टीपासून खळग्यापर्यंतचा एक टप्पा; खळग्यालाही होलच म्हणतात) एकूण फटके मोजतात. सांघिक स्पर्धा बहुतेक मॅच प्ले पद्धतीनं होतात. इथे प्रत्येक होल ही स्वतंत्र लढत असते. ज्याचे फटके कमी, तो होल त्याचा. उरलेल्या होलांपेक्षा आघाडी जास्त झाली की मॅच संपते. ‘3 आणि 2’ असा निकाल म्हणजे दोन होल शिल्लक असताना तीनची आघाडी. अठरानंतरही बरोबरी असेल तर दोन्ही संघांना अर्धा-अर्धा गुण.

फोरसम्समध्ये जोडीत एकच चेंडू आळीपाळीनं मारायचा. एकानं विषम होलांवर टी शॉट मारायचा, दुसऱ्यानं सम होलांवर. फोरबॉलमध्ये चौघांचे चार चेंडू, आणि जोडीतला कमी स्कोअर धरायचा. सिंगल्स म्हणजे एकास एक. रायडर कपमध्ये पहिल्या दोन दिवसांत 16 जोडीच्या मॅच आणि शेवटच्या दिवशी 12 सिंगल्स, अशा 28 होतात. कप जिंकायला 14½ गुण लागतात. ज्यांच्याकडे कप आधीपासून आहे त्यांना तो राखायला 14 पुरतात. 2025 मध्ये बेथपेजला युरोपच्या शेन लोवरीचा अठराव्या होलवरचा पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू घरंगळवत होलकडे मारायचा फटका) इतका गाजला तो यामुळेच. त्यानं मिळाला अर्धाच गुण, पण युरोपचे 14 पूर्ण झाले.

या पद्धतीत तुमचा प्रत्येक फटका समोरच्याच्या फटक्याला उत्तर असतो. त्यामुळे त्याचा उरलेला फटका ही मैदानावरची सगळ्यात जपायची गोष्ट आहे. पुढचे बहुतेक शिष्टाचार तिथूनच निघतात.

पट देणं

मॅच प्लेमध्ये समोरच्याचा पुढचा फटका ‘दिला’ म्हणता येतो. दिलेला फटका मारला आणि पडला असं धरतात आणि तो होल खेळाडूपुरता संपतो. नवख्यांचे सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

द्यायचा असेल तर तोंडानं, स्पष्ट आणि नाव घेऊन द्या. ‘सर, तुमचा दिला, उचला’ एवढं पुरतं. फोरबॉलमध्ये ग्रीनवर दोन चेंडू जवळजवळ असतात. तिथे नुसतं ‘ठीक आहे’ म्हटलं तर कुणाचं ठीक, हे कळत नाही. हातानं खूण चालते, पण ती समोरच्यानं पाहिली याची खात्री करा. एकदा दिलेला पट परत घेता येत नाही आणि समोरच्याला तो नाकारताही येत नाही. कॅडीला (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या साथीदाराला) पट द्यायचा अधिकार नाही. कॅडीदादा कितीही जाणकार असले तरी ‘हां, हो गया’ हे त्यांचं म्हणणं नियमाच्या लेखी शून्य आहे. जोडीतल्या कुणाही एका खेळाडूनं दिलं तर मात्र ते दोघांच्या वतीनं धरतात. म्हणून देण्याआधी जोडीदाराकडे एकदा नजर टाका.

घेणाऱ्यासाठी नियम याहून सोपा आहे: स्पष्ट ऐकू आलं नसेल तर चेंडूला हात लावू नका. विचारा. ‘दिला का?’ हे दोन शब्द उच्चारायला कुणाचं काही जात नाही.

हे दोन शब्द न विचारल्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग 2015 च्या सोलहाइम कपमधला, जर्मनीत सेंट लेऑन-रोट इथला. फोरबॉलची मॅच बरोबरीत होती. सतराव्या ग्रीनवर अमेरिकेच्या अॅलिसन लीचा पट चुकला आणि चेंडू होलपासून साधारण दीड फुटावर थांबला. युरोपची चार्ली हल ग्रीनच्या कडेकडे चालू लागली. लीला वाटलं, पट दिला. तिनं चेंडू उचलला. हलची जोडीदार सुझान पेटरसननं सांगितलं की आम्ही दिलेला नव्हता. नियमानं ते बरोबरच होतं. होल युरोपला गेला आणि पाठोपाठ मॅचही. चिडलेल्या अमेरिकनांनी 10-6 अशा पिछाडीवरून सिंगल्समध्ये उसळी मारून कप 14½-13½ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी पेटरसननं जाहीर माफी मागितली.

यात चूक कोणाची, यावर गोल्फर अजून वाद घालतात. आमच्या मते दोघींकडूनही एकेक पायरी सुटली. लीनं विचारायला हवं होतं, आणि पट द्यायचा नव्हता तर युरोपच्या जोडीनं ग्रीनवर थांबायला हवं होतं. पट न देता पाठ फिरवून चालू लागणं ही समोरच्याची दिशाभूल होते, मग हेतू असो वा नसो. द्यायचा नसेल तर जागेवर उभे राहा आणि होलकडे बघत राहा. तेवढ्यानं कळतं. 2019 पासून नियमांत एक सोय आली आहे: समोरच्याच्या बोलण्याचा किंवा कृतीचा अर्थ पट दिला असा समजणं रास्त असेल, आणि त्या गैरसमजातून चेंडू उचलला गेला, तर दंड नाही; चेंडू जागेवर ठेवून पट खेळायचा. ‘मला वाटलं कुणीतरी बोललं’ एवढ्यावर मात्र ही सोय मिळेल असं धरून चालू नका.

कोणता पट द्यावा? फुटाभराच्या आतला सहसा देतात. दोन ते चार फुटांमधल्या पटांसाठी कोणताही नियम नाही. उतारावरचा, आडवा वळणारा तीन फुटी पट आणि चढावरचा सरळ तीन फुटी पट यांत खूप फरक असतो. काही जण पहिल्या दहा होलांत सढळ हातानं देतात आणि पंधराव्यावर अचानक गप्प होतात. तोवर समोरच्यानं एकही छोटा पट मारलेला नसतो आणि हात आखडतो. हा डाव आहे, लबाडी नाही. तुमच्यावर हा डाव पडू नये म्हणून दिलेल्या पटांच्या भरवशावर राहू नका; सराव ग्रीनवर निघण्यापूर्वी तीन फुटी पट मारून घ्या.

न देणं म्हणजे खिलाडूवृत्तीचा अभाव नव्हे, हेही पक्कं लक्षात ठेवा. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी 2015 मध्ये प्रेसिडेंट्स कपमध्ये खेळणारा पहिला भारतीय ठरला. दक्षिण कोरियातल्या इंचॉनला शेवटच्या दिवशी अठराव्या ग्रीनवर अमेरिकेच्या ख्रिस कर्कनं साधारण पंधरा फुटांवरून बर्डी (त्या होलच्या ठरावीक फटक्यांपेक्षा एक कमी) टाकली. बरोबरीसाठी लाहिरीकडे चारेक फुटांचा पट होता. तो चुकला, आणि अमेरिकेनं कप 15½-14½ असा जिंकला. तो पट कर्कनं द्यायला हवा होता, असं कुणी म्हणणार नाही. कपचा निकाल लोंबकळत असताना चार फूट हे खेळायचंच अंतर आहे.

याच्या उलट टोकाला रॉयल बर्कडेलचा 1969 चा रायडर कप आहे. शेवटच्या मॅचच्या शेवटच्या ग्रीनवर अमेरिकेच्या जॅक निकलॉसनं आपला पट टाकला, ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा दोन-तीन फुटांचा पट शिल्लक असताना त्याचं मार्कर (चेंडूची जागा दाखवणारी खूण) उचललं आणि पट देऊन टाकला. रायडर कप पहिल्यांदाच बरोबरीत, 16-16 असा सुटला. यात दोन गोष्टी विसरल्या जातात. कप आधीपासून अमेरिकेकडे होता, त्यामुळे बरोबरीतही तो त्यांच्याकडेच राहिला. आणि निकलॉसच्या स्वतःच्या कर्णधाराला, सॅम स्नीडला, हे अजिबात आवडलं नाही. मोठेपणा दाखवताना तो संघाच्या गुणांतून जातो. क्लबच्या मॅचमध्ये असं काही करायचं मनात असेल तर कर्णधाराचा विचार आधी माहीत असू द्या.

फोरबॉलमधला एक बारीक सापळा: तुमचा पट समोरच्यांनी दिला, तरी ‘मारूनच बघतो’ म्हणून तो मारू नका. जोडीदाराचा पट त्याच रेषेवर असेल तर तुमच्या चेंडूवरून त्याला उतार दिसतो, आणि मग त्या होलसाठी जोडीदाराचा स्कोअर धरला जात नाही. दिला म्हटलं की चेंडू उचला आणि बाजूला व्हा.

कुणाची पाळी, आणि दहा सेकंद

मॅच प्लेमध्ये होलपासून लांब असलेल्यानं आधी मारायचं. क्रम चुकला तर दंड नाही, पण समोरचा तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो. 2000 मध्ये लॉक लोमंडला सोलहाइम कपमध्ये युरोपच्या अॅनिका सोरेनस्टमनं ग्रीनबाहेरून चिप (छोटा, उचलून मारलेला फटका) थेट होलमध्ये टाकली आणि जल्लोष झाला. मग ठरलं की लांबचा चेंडू अमेरिकेच्या केली रॉबिन्सचा होता. अमेरिकनांनी फटका पुन्हा मारायला सांगितला; दुसऱ्यांदा तो पडला नाही आणि सोरेनस्टमला रडू आवरलं नाही. नियम अमेरिकनांच्या बाजूनं होता, पण फटका पडल्यानंतर हक्क आठवल्याची चव कडूच राहिली. अंतर जवळपास सारखं असेल तर पावलांनी मोजा आणि मारण्याआधी मोठ्यानं ठरवा: ‘आधी तुम्ही की मी?’ समोरचा चुकून आधी मारायला निघालेला दिसला तर तेव्हाच थांबवा. तो मारेपर्यंत वाट बघून मग बोलणं हे नियमात बसतं, पण पुढचे होल त्याच चौघांबरोबर चालायचे असतात.

चेंडू होलच्या काठावर लोंबकळत थांबला तर खेळाडूला होलपर्यंत पोहोचायला लागेल तेवढा रास्त वेळ आणि वर दहा सेकंद मिळतात. तोवर कुणीही चेंडूला हात लावायचा नाही, चांगुलपणानंही नाही. 2021 च्या सोलहाइम कपमध्ये इन्व्हरनेसला युरोपच्या मॅडलिन सॅगस्ट्रॉमनं अमेरिकेच्या नेली कोर्डाचा असा चेंडू उचलून तिच्याकडे दिला. दहा सेकंद झाले नव्हते आणि चेंडू काठावर होता, असा पंचांनी निर्णय दिला; कोर्डाचा ईगल (ठरावीकपेक्षा दोन फटके कमी) पट पडला असं धरलं गेलं. पुढचा पट द्यायचाच आहे? तोंडानं द्या. चेंडू ज्याचा, त्यालाच उचलू द्या.

जल्लोष कधी, कुठे, किती

समोरच्याचा पट बाकी असताना हूं की चूं करू नये, असं काही जण नवख्यांना शिकवतात. मोठ्या स्पर्धांत असं कुणी वागत नाही आणि तशी अपेक्षाही नसते.

2016 च्या रायडर कपमध्ये हेझल्टीनला युरोपचा रॉरी मॅकिलरॉय आणि अमेरिकेचा पॅट्रिक रीड यांची सिंगल्स बघा. आठव्या ग्रीनवर मॅकिलरॉयनं भलामोठा पट टाकला आणि कानाला हात लावून अमेरिकन प्रेक्षकांना ‘ऐकू येत नाही’ असं खिजवलं. रीडचा पट तेव्हा बाकी होता. गलका शमला, रीडनं आपला पट टाकला आणि मॅकिलरॉयकडे बघून बोट नाचवलं. मग दोघांनी हसत मुठी भिडवल्या आणि एकत्र पुढच्या टीकडे निघाले. याबद्दल कुणाचीही तक्रार आली नाही.

आता ब्रुकलाइनचा 1999 चा रायडर कप. सतराव्या ग्रीनवर जस्टिन लेनर्डनं साधारण 45 फुटांवरून पट टाकला. अमेरिकेचे खेळाडू, कॅडी, काहींच्या बायका धावत ग्रीनवर शिरल्या. युरोपच्या होसे मारिया ओलाझाबालचा साधारण 25 फुटांचा पट अजून बाकी होता. तो पडला असता तर होल बरोबरीत सुटला असता. ग्रीन रिकामं होईपर्यंत तो थांबला, मग मारला, आणि चुकला. अमेरिकेनं 14½-13½ असा कप जिंकला, आणि माफी मागायची वेळही त्यांच्यावर आली.

दोन्हीकडे आवाज होता, दोन्हीकडे समोरच्याचा पट बाकी होता. फरक पावलांत आणि माणसांत आहे. मॅकिलरॉय आपल्या जागी होता, एकटा होता, तोंड प्रेक्षकांकडे होतं आणि काही सेकंदांत तो गप्प झाला. ब्रुकलाइनला ज्यांचं ग्रीनवर काहीच काम नव्हतं ती माणसं ग्रीनवर होती. त्या काळी पटच्या रेषेतले बुटांचे ओरखडे दुरुस्त करायला नियमानं मनाई होती, त्यामुळे ग्रीनवरची धावाधाव आजच्यापेक्षाही महागात पडू शकत होती. 2019 पासून ओरखडे दाबून नीट करता येतात, पण वाट बघताना समोरच्याचं मन विस्कटतं, त्याला कुठलाच नियम पुरत नाही.

2023 च्या रायडर कपमध्ये रोमजवळ मार्को सिमोनेला वाद झाला तो एकाच माणसामुळे. अमेरिकेच्या पॅट्रिक कँटलीनं शनिवारी संध्याकाळी अठराव्यावर पट टाकला. त्या स्पर्धेत तो टोपी न घालता खेळत होता म्हणून प्रेक्षक दिवसभर टोप्या हलवून त्याला चिडवत होते. त्यांना उत्तर म्हणून त्याचा कॅडी जो लाकावानं ग्रीनवर टोपी फिरवली, आणि ती मॅकिलरॉयच्या जवळ, त्याचा पट बाकी असताना. मॅकिलरॉयनं त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि बाचाबाची वाहनतळापर्यंत गेली. टोपी हलवण्यात गैर काही नव्हतं. जागा चुकली आणि वेळ लांबली.

तेव्हा तुमचा पट पडला की असं करा. मूठ आवळा, ओरडा, पण ज्या जागेवरून मारला तिथेच. पाच-सात सेकंद पुरे. मग होलकडे जाताना समोरच्याच्या रेषेला वळसा घाला. रेषा होलपाशी संपत नाही, हे नवखे विसरतात. चेंडू होल चुकवून पुढे जाऊ शकतो आणि परतीचा पट त्याच पट्ट्यातून येतो, म्हणून होलच्या पलीकडचे तीन-चार फूटही मोकळे ठेवा. आपला चेंडू होलमधून हातानं काढा. पटरच्या (पट मारायच्या काठीच्या) डोक्यानं उकरून काढला तर होलची कड चेमटते. होलचा व्यास अवघा 108 मिलिमीटर असतो, आणि चेमटलेली कड पुढच्याच पटला नडते. मग रेषेबाहेर, समोरच्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर उभे राहा. संध्याकाळी सावली लांब पडते. आपण दूर उभे असलो तरी सावली होलवर आहे का, ते बघा.

होल पूर्ण संपला असेल, म्हणजे कुणाचाच फटका उरला नसेल, तर मोकळे व्हा. 1987 ला मुरफील्ड व्हिलेजला युरोपनं अमेरिकेच्या भूमीवर पहिल्यांदा रायडर कप जिंकला तेव्हा हाच ओलाझाबाल अठराव्या ग्रीनवर नाचला होता. सगळं संपलं होतं, त्यामुळे ते आजही कौतुकानं दाखवतात. समोरच्याचा पट चुकल्यावर मात्र मूठ उगारू नका. आनंद झाला असेल, तो चेहऱ्यावर दिसेलही, पण टाळ्या आपल्या फटक्याला. समोरच्यानं अशक्य पट टाकला तर दाद द्या. मेडिनाला सतराव्यावर युरोपच्या जस्टिन रोझनं लांबचा पट टाकून होल हिरावला तेव्हा अमेरिकेच्या फिल मिकलसननं हसून टाळ्या वाजवल्या होत्या.

मॅच संपल्यावर

टोपी आणि काळा चष्मा काढा, मग हात मिळवा: आधी प्रतिस्पर्धी, मग त्यांचे कॅडी, मग आपला जोडीदार आणि कॅडी. जिंकणारे आधी एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि हरलेला हात पुढे करून ताटकळतो, हे दृश्य टाळायचं. निकाल दोघांनी मिळून बोला आणि लगेच लिहा. ‘2 अप’ की ‘2 आणि 1’ यावर क्लबहाउसमध्ये वाद नको.

तुमची मॅच आटोपली तरी संघाचं काम संपत नाही. मागच्या गटातल्या सहकाऱ्याला पाठिंबा द्यायला जरूर जा, पण क्लब (मारायची काठी) कोणता घ्यावा, पट किती वळेल, यातलं काही बोलू नका. सल्ला देण्याची परवानगी जोडीदार, कॅडी आणि संघानं आधी नेमलेल्या माणसालाच असते. ‘शाब्बास’ चालतं, ‘सात नंबरनं मार’ चालत नाही.

कर्णधारांनी एक गोष्ट सिंगल्सच्या आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी: ऐनवेळी कुणी जखमी झालं तर काय? रायडर कपमध्ये दोन्ही कर्णधार एकेका खेळाडूचं नाव बंद लिफाफ्यात देतात. 2025 ला युरोपच्या व्हिक्टर होवलंडची मान दुखावली, तेव्हा लिफाफ्यातल्या नावानुसार अमेरिकेचा हॅरिस इंग्लिश बाहेर बसला आणि अर्धा-अर्धा गुण दिला गेला. अमेरिकेचा कर्णधार कीगन ब्रॅडलीला हा नियम पटला नाही आणि त्यानं तसं बोलूनही दाखवलं. पण तो सगळ्यांना आधीपासून माहीत होता, म्हणून त्या सकाळी भांडण झालं नाही. क्लबच्या स्पर्धेत लिफाफा नसेल तर कागदावर एक ओळ लिहून दोघांनी सही करा.

दोरीबाहेरून बघताना

कॅडीनं किंवा मार्शलनं (प्रेक्षकांना आवरणाऱ्या कार्यकर्त्यानं) हात वर केला की बोलणं बंद. चालू असाल तर जागच्या जागी थांबा. मारणाऱ्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून हालचाल दिसते आणि ती आवाजापेक्षा जास्त त्रास देते. सततचा गोंगाट खेळाडूला सोसतो, शांततेत अचानक निघालेली एक शीळ सोसत नाही. त्यामुळे ओरडायचं तर चेंडू निघाल्यावर, आणि आपल्या खेळाडूच्या नावानं. समोरच्याचा चेंडू पाण्यात गेल्यावर टाळ्या वाजवू नका.

बेथपेजला 2025 मध्ये मर्यादा इतकी सुटली की मॅकिलरॉयला स्विंगच्या मध्येच शिव्या ऐकाव्या लागल्या, त्याच्या पत्नीच्या दिशेनं पेयाचा ग्लास भिरकावला गेला, आणि पहिल्या टीवरच्या निवेदिकेला त्याच्याविरुद्धच्या घोषणेत सामील झाल्याबद्दल बाजूला व्हावं लागलं. आयोजकांवर माफी मागायची वेळ आली. याआधी 1999 ला ब्रुकलाइनमध्ये प्रेक्षक युरोपच्या कॉलिन माँटगोमेरीला दिवसभर शिव्या देत होते, आणि शेवटी अमेरिकेच्याच पेन स्टुअर्टनं अठराव्या ग्रीनवर त्याचा पट देऊन मॅच सोडून दिली होती. शेजारचा कुणी असा सुटला तर खेळाडू बोलेल याची वाट बघू नका. दोरीजवळ मार्शल उभे असतात, त्यांना माणूस दाखवा.